शाळेची बस आणि सहा मिनिटं

सत्तावीस वर्षं पोलीस खात्यात काढली, त्यातली शेवटची नऊ महामार्गावर. खून पाहिले, दरोडे पाहिले. तरीही नातवंडांनी गोष्ट सांगा म्हटलं, की आजही मला आधी आठवतं ते खाकी उतरवल्यानंतरचं एक प्रकरण. त्यात ना स्टेशन डायरी होती, ना हवालदार, ना बेड्या. होती एक शाळेची बस आणि तिला रोज होणारा सहा मिनिटांचा उशीर.

स्वेच्छानिवृत्ती घेऊन मी अबुधाबीच्या पश्चिम भागात एका कंत्राटदार कंपनीत सुरक्षा अधिकारी म्हणून लागलो होतो. रुवैसच्या रिफायनरीपासून चाळीसेक किलोमीटर अलीकडे, हायवेला लागून आमची वसाहत होती. एका बाजूला कुटुंबांची घरं, दुसऱ्या बाजूला साइटवर काम करणाऱ्या एकट्या पुरुषांचा कॅम्प आणि मधोमध एक हॉल. बाकी नजर जाईल तिथवर वाळू आणि मिठाची पांढरी जमीन.

मंदीचं ते दुसरं वर्ष. दुबईतल्या क्रेन जागच्या जागी थांबल्या होत्या. आमच्याकडे मात्र काम चालू होतं, त्यामुळे तिकडे नोकरी गेलेली माणसं इकडे येऊ लागली. ज्यांनी आयुष्यात रुवैसचं नाव ऐकलं नव्हतं, अशी पुण्या-मुंबईची कुटुंबं शारजातल्या अल नहदाचे फ्लॅट सोडून आमच्या वसाहतीत सामान उतरवत होती. मुलं वाढली, तशी रुवैसच्या शाळेसाठी एका बसच्या दोन झाल्या.

अशाच एका कुटुंबातली बाई एका सकाळी माझ्या पोर्टा केबिनमध्ये आली. मूळची पुण्याची, दुबईत एका ऑफिसात काम केलेली, बोलणं तोलून मापून. हातात वही होती.

"सर, मला एक कम्प्लेंट द्यायची आहे. दोन नंबरची बस रोज सहा मिनिटं लेट पोचते. एक नंबरची टाइमवर. दोन्ही एकाच वेळी निघतात. मी दोन आठवडे शाळेच्या रिसेप्शनला फोन करून टायमिंग लिहून घेतलंय."

मी वही पाहिली. आमच्या ठाण्यातल्या कारकुनाने अशी नोंद ठेवली असती, तर मी त्याचा सत्कार केला असता.

"आणि सर, परवा माझे मिस्टर साइटवर जात होते. त्या अर्धवट रेस्ट एरियापाशी बस उभी होती. मुलं आत. ड्रायव्हर प्लास्टिकचा कॅन घेऊन भिंतीमागे जात होता. मुलीला विचारलं तर म्हणते, इट्स अ सीक्रेट."

मुलांना 'घरी सांगू नका' म्हणणारा मोठा माणूस म्हटला, की पोलिसाच्या अंगावर काटा येतो. मी लगेच फिर्याद लिहून घेतली आणि बाईंना सांगितलं, की तुम्ही आलात ते बरं केलंत.

तो रेस्ट एरिया मला माहीत होता. हायवेवरच्या गाड्यांसाठी बांधायला घेतला होता. मंदी आली आणि काम होतं तिथेच थांबलं. दोन भिंती उभ्या, बाकी सळया. त्याच्या पुढेच रस्ता एका सखल पट्ट्यात उतरत होता. भिंत, कॅन, आणि सौदीच्या सरहद्दीकडे जाणाऱ्या ट्रकांचा रस्ता. माझ्या डोक्यात एकच शब्द आला: डिझेल. नऊ वर्षं महामार्गावर मी डिझेलचोरच पकडले होते. ज्याच्या हातात हातोडा, त्याला सगळीकडे खिळेच दिसतात, तशातली गत.

मॅनेजरला मी कल्पना दिली. त्याच्या डोळ्यांत मला जरा आनंदच दिसला. वरून माणसं कमी करण्याचा दट्ट्या होता आणि चोरीच्या आरोपावर माणूस काढला की कोणाला उत्तर द्यावं लागत नाही. तो म्हणाला, "गुरुवारपर्यंत रिपोर्ट द्या. मग लोकल पोलीस, व्हिसा कॅन्सल, खलास." तो दिवस सोमवारचा होता.

ड्रायव्हर सिंधुदुर्गाकडचा. वय पंचेचाळीसच्या आसपास, अंगाने शेलाटा, केस तेल लावून चप्प बसवलेले. आंबोलीच्या घाटात पंधरा वर्षं ट्रक चालवून इकडे आलेला. मुलं त्याला मामा म्हणत, म्हणून मोठेही मामाच म्हणत. गावी म्हातारे वडील आणि दहावीतली मुलगी. त्या वर्षी ज्याचा व्हिसा रद्द होई, त्याला परत कोणी बोलवत नसे, चोरीचा शिक्का असेल तर कधीच नाही. त्याचं सगळं घर माझ्या एका कागदावर उभं होतं, आणि हे त्याला आणि मला दोघांनाही कळत होतं.

दुपारी मी त्याला केबिनमध्ये बोलावलं. चौकशीची माझी एक पद्धत होती. आधी चहा द्यायचा, मग गप्प बसायचं. शंभरातली सत्तर माणसं शांततेलाच घाबरून बोलतात.

हा बोलला नाही. चहा संपला, कप त्याने स्वतः विसळून ठेवला आणि पुन्हा हात बांधून उभा राहिला.

"रोज बस कुठे थांबवतोस?"

"खय नाय, सायबानू."

"मुलांना काय सांगू नका म्हणालास?"

त्याने मान खाली घातली.

"हे बघ, मी महामार्गावर नोकरी केलेली आहे. भिंतीमागे कॅन घेऊन माणूस कशाला जातो, ते मला माहीत आहे. डिझेल काढतोस ना?"

त्याने मान वर केली. क्षणभर त्याच्या चेहऱ्यावर जे आलं, त्याचा अर्थ मला तेव्हा लागला नाही. भीती नव्हती ती. सुटका होती.

"होय सायबानू," तो म्हणाला. "डिझेलच काढतंय मी."

मी कागद पुढे केला. त्याने न वाचता सही केली. दहा मिनिटांत प्रकरण निकाली. माझ्यातला इन्स्पेक्टर मनातल्या मनात मिशीवर ताव देत होता. अजून आपला हात गेलेला नाही म्हणायचा!

मॅनेजरकडे कागद घेऊन निघालो आणि वाटेत उभ्या असलेल्या दोन नंबरच्या बसपाशी थांबलो. पंचनामा केल्याशिवाय कागद पुढे सरकवायचा नाही, ही जुनी सवय. टाकीचं झाकण उघडलं. आत तोंडाशीच लोखंडी जाळी होती, पक्की वेल्ड केलेली. त्यातून नळी जाणं शक्यच नव्हतं.

मी मामाला पुन्हा बोलावलं. "डिझेल कसं काढायचास?"

"नळयेन."

"किती?"

"चार-पाच कॅन."

"सहा मिनिटांत? एका माणसाने?"

मी त्याचे हात पुढे घेऊन वास घेतला. डिझेल काढणाऱ्याच्या हाताचा वास साबणाने जात नाही, आठ-आठ दिवस जात नाही. याच्या हाताला खोबरेल तेलाचा वास होता.

मला माझीच लाज वाटली. डिझेल हा शब्द त्याने काढलाच नव्हता. तो मी त्याच्या तोंडात घातला होता आणि त्याने तो प्रसादासारखा घेतला होता. नव्या फौजदारांना मी कित्येकदा बजावलं होतं, की उत्तर प्रश्नातच देऊन ठेवू नका. आता प्रश्न वेगळाच झाला होता. केलेला गुन्हा नाकारणारे मी हजार पाहिले. न केलेला गुन्हा एवढ्या उत्साहाने अंगावर घेणारा हा कोण? आणि चोरीपेक्षा वाईट असं तो लपवतोय तरी काय? बसमधली पोरं डोळ्यांपुढे येत होती.

मंगळवारी संध्याकाळी मी फिर्यादी बाईंच्या घरी गेलो. मुलीशी तिच्या आईसमोरच बोलायचं होतं. आठ वर्षांची पोर, दोन वेण्या, पायात एकच मोजा. बाई मला पोहे देत होत्या आणि मागे वळून मुलीला म्हणत होत्या, "आधी दूध संपव बघू."

मुलगी खणखणीत आवाजात म्हणाली, "व्हय म्हाराजा!"

माझ्या हातातली बशी हातातच राहिली.

"हे काय नवीन काढलंय माहीत नाही," बाई वैतागून म्हणाल्या. "बसमधली सगळी मुलं म्हणतात. शेजारचा मल्याळी मुलगासुद्धा."

त्यांना ते माहीत असायचं कारण नव्हतं. मला होतं. उमेदीची तीन वर्षं मी सिंधुदुर्गात फौजदार होतो. तिकडे कुठलंही काम देवाला गाऱ्हाणं घातल्याशिवाय सुरू होत नाही. एक जण देवापुढे उभा राहून मोठ्याने मागणं मागतो आणि प्रत्येक वाक्याला बाकीचे एका सुरात म्हणतात, 'व्हय म्हाराजा'.

मी मुलीला विचारलं, "बेटा, हे तुम्ही कधी म्हणता?"

ती आईकडे पाहू लागली. आई म्हणाली, "टेल अंकल. नोबडी विल शाउट."

"व्हेन मामा कम्स बॅक इन द बस. ही टॉक्स टु समवन अबाउट द ट्रक्स, सो दे डोन्ट हिट अस. अँड वुई ऑल से इट. देन वुई गो."

"आणि त्याआधी मामा कुठे जातो?"

"बिहाइंड द वॉल. टु गिव्ह हिम वॉटर."

"कोणाला?"

"आय डोन्ट नो," ती खांदे उडवून म्हणाली. "समवन हू लिव्ह्ज देअर."

बुधवारी सकाळी मी बसच्या आधी माझी गाडी घेऊन निघालो आणि रेस्ट एरियाच्या आडोशाला लावली. डिसेंबर चालू होता. त्या भागात थंडीत समुद्राकडून धुकं येतं आणि सखल मिठाच्या जमिनीवर साचून राहतं. वर ऊन आणि खाली दूध सांडल्यासारखं. भिंतीमागे गेलो तर तिथे एक काळसर दगड, गुडघ्याएवढा. स्वच्छ धुतलेला. पुढे कालचा खजूर, मुंग्यांनी अर्धा नेलेला. शेंदूर नाही, फूल नाही, काही नाही. माहीत नसलेल्याला तो नुसता दगडच वाटला असता.

बस आली, तसा मी दुसऱ्या भिंतीआड सरकलो. मामा उतरला, पण आधी भिंतीकडे आला नाही. बसच्या पुढे वीस-पंचवीस पावलं चालत गेला, जिथून रस्ता उताराला लागतो तिथवर. कपाळावर हात धरून खालचं धुकं पाहिलं. मग कान देऊन उभा राहिला. खाली कुठेतरी ट्रकचा हॉर्न वाजत होता. तो परत आला, दगडावर कॅनमधलं पाणी घातलं, खजूर ठेवला आणि वळला तर समोर मी.

त्याच्या हातातला कॅन पडला.

"तुमचं राहिलेलं काम करा आधी," मी म्हणालो. "मग बोलू."

तो बसच्या दारात उभा राहिला आणि गाऱ्हाणं सुरू झालं. "बा देवा म्हाराजा, आज जी काय ही पोरा शाळेक चालली हत, तेंच्या वाटेतली इडापिडा दूर कर म्हाराजा..."

"व्हय म्हाराजा!" बसमधून बत्तीस आवाज आले. त्यात कोण कुठल्या देशाचा, कुठल्या धर्माचा, काही कळत नव्हतं.

"वाटेत खय ट्रक-टँकर आडवो येत आसात, तर तेका बाजूक कर म्हाराजा..."

"व्हय म्हाराजा!"

गाऱ्हाणं संपलं तरी त्याने बस हलवली नाही. धुकं थोडं विरेपर्यंत थांबला. त्या दिवशी सहाऐवजी चौदा मिनिटं लागली. मी मागून गाडी घेतली. उतार संपतो तिथे कडेच्या लेनमध्ये एक भला मोठा ट्रेलर टायर फुटून उभा होता. मागचे दिवे बंद. मामाची बस त्याच्या बाजूने, बैलगाडीच्या चालीने, पुढे गेली.

मुलांना शाळेत सोडल्यावर आम्ही दोघं शाळेच्या कुंपणापाशी बोललो. घाटाच्या तोंडाशी राखणदाराचं, म्हणजे वाट राखणाऱ्या देवाचं ठाणं असतं, तिथे थांबल्याशिवाय गाडी खाली घालायची नाही, हे त्याला त्याच्या उस्तादाने शिकवलं होतं. इथे घाट नव्हता. पण पहिल्या थंडीत त्या उतारावर धुकं पाहिलं आणि त्याला घाटच दिसला. घाट आहे म्हणजे राखणदार हवा. म्हणून त्याने वाळूतून एक दगड शोधून उभा केला. पाणी, खजूर, गाऱ्हाणं. थांबायचं म्हणून उतरायचं, आणि उतरलंच आहे तर रस्ता बघून घ्यायचा. का रस्ता बघण्यासाठी देव उभा केला? त्याला विचारलं तर त्याला प्रश्नच कळला नाही. त्याच्या लेखी ती एकच गोष्ट होती.

"मग चोरी का कबूल केलीत? तुरुंगात गेला असतात."

तो कुंपणाची जाळी धरून उभा होता. "चोरी म्हटली तर मी एकटो गेलो असतंय, सायबानू. ह्या दगडाचा भायर पडला असता, तर आपलो हॉलातलो गणपती बंद झालो असतो. शुक्रवारचा भजन बंद झाला असता. माझ्या एकट्यापायी सगळ्यांचो देव कित्याक जाऊचो?"

घरात, हॉलमध्ये दार लावून आम्ही सण करत होतो आणि कोणी हरकत घेत नव्हतं. उघड्यावर, हायवेच्या कडेला देव मांडणं ही तिथल्या कायद्यात वेगळी गोष्ट होती, आणि ते त्याला पक्कं माहीत होतं. वसाहतीच्या कार्यक्रमांत कुटुंबवाले पुढे सतरंजीवर बसत आणि कॅम्पातली माणसं मागे दाराशी उभी असत. मामाही तिथेच उभा असे. ज्या गणपतीसाठी हा माणूस चोर व्हायला निघाला होता, त्याचा प्रसाद त्याला सगळ्यात शेवटी मिळत असे.

मी खिशातून त्याची सही असलेला कागद काढला आणि त्याच्यासमोर फाडला. मग दोन गोष्टी त्याला कडक शब्दांत सांगितल्या. पोरांना घरी लपवाछपवी करायला पुन्हा कधीही शिकवायचं नाही. आणि दगड आजच्या आज हलवायचा.

दगडाबद्दल तो वाद घालेल असं वाटलं होतं. घातला नाही. दुपारी आम्ही दोघं गेलो. त्याने देवाला बजावून सांगितलं, "जागो सोडलास तरी नजर सोडू नको रे म्हाराजा." उत्तर द्यायला पोरं नव्हती, म्हणून मीच हळू आवाजात 'व्हय म्हाराजा' म्हणालो. दगड माझ्या गाडीच्या डिकीतून समुद्रावर नेला आणि गुडघाभर पाण्यात शिरून त्याने तो सोडला.

गुरुवारी मी रिपोर्ट दिला. 'सखल भागातील धुक्याची पाहणी करण्यासाठी चालक बस थांबवतो. पाहणीची पद्धत योग्य आहे. दोन्ही बसना लागू करावी. मुलांबरोबर बसमध्ये एक बाई नेमावी.' दगडाची ओळ मी गाळली. रिपोर्टमधून ओळ गाळण्याची ही माझी पहिलीच वेळ होती, असं मी म्हणणार नाही. पूर्वी प्रत्येक वेळी कुणाचा तरी फोन आलेला असे. या वेळी फोन नव्हता, एवढाच फरक.

मॅनेजरचं तोंड उतरलं. पण वाहतुकीचे कागद तपासायला एक वयस्क स्थानिक अरब अधिकारी येत असे, त्याने रिपोर्ट मागून घेतला. तो आमच्याशी हिंदीत बोलायचा.

"इधर? नीचे जाने से पहले?" त्याने नकाशावर बोट ठेवलं. "मेरा दादा इधर ऊंट रोकता था. सबखा है, नमक वाली ज़मीन, ऊंट का पाँव अंदर जाता है. वो उतरता, पाँव से ज़मीन देखता, बिस्मिल्ला बोलता, फिर जाता." मग माझ्याकडे जरा रोखून पाहत म्हणाला, "तुम्हारा ड्राइवर भी कुछ बोलता है?"

"रस्ता साफ रखने को बोलता है, साहब."

तो हसला आणि शिक्का मारला. "अच्छा ड्राइवर है. छोड़ना नहीं."

जानेवारीपासून दोन्ही बस तिथे थांबू लागल्या. शाळेनेही दोन्ही बसची पोचायची वेळ सात मिनिटांनी पुढे ढकलली. फिर्यादी बाईंना सगळं कळल्यावर त्या ओशाळल्या. मी त्यांना म्हणालो, "तुम्ही वही ठेवली नसती तर एकच बस थांबत राहिली असती." पुढच्या शुक्रवारी भजनानंतर त्या ताट घेऊन दाराशी उभ्या असलेल्या मामापाशी गेल्या आणि त्याला पुढे आणून सतरंजीवर बसवलं. मामा एवढा अवघडला, की त्याने शिऱ्याला हात लावला नाही. बाईंची मुलगी म्हणाली, "मामा, ईट!" तेव्हा कुठे त्याने घास घेतला. मला त्या दिवशी फार बरं वाटलं, अगदी एखादं मोठं पदक मिळाल्यासारखं.

मी पुढे चार वर्षांनी भारतात परतलो. मामा अजून चार वर्षं चालवत होता म्हणे, मुलीचं लग्न करूनच गावी गेला.

या प्रकरणाने मला काय शिकवलं, असं लोक विचारतात. कबुली आणि खरं यांत अंतर असतं, एवढं मी सांगतो आणि थांबतो. त्यापुढचं सांगायला मला बरेच दिवस लागले. नोकरीच्या सुरुवातीला, विहिरीवरच्या मोटारपंपाच्या चोरीत एक माणूस माझ्यासमोर आणला होता. पहिल्या चहालाच त्याने कबुली दिली. मुद्देमाल सापडला नाही, पण कोर्टातही त्याने गुन्हा मान्य केला आणि सहा महिन्यांसाठी आत गेला. वरिष्ठांनी माझी पाठ थोपटली. व्हॅनमध्ये चढताना त्याने मला एकच प्रश्न विचारला होता, "साहेब, आता घरी कुणाला विचारायला जाणार नाही ना?"

मी छाती फुगवून म्हणालो होतो, "कशाला जाऊ? केस तर संपली."